मौनाचं उच्चारस्थान

"सर, 'न' म्हणा. म्हणून झालं की जीभ हलवू नका. जिथे टेकली आहे, तिथेच राहू द्या."

बाई हे म्हणाल्या तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो आणि हातात त्यांनी दिलेला छोटा आरसा होता. मुलांना मराठीचं व्याकरण शिकवण्यात माझी २७ वर्षं गेली होती. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. दर वर्षी फळ्यावर चेहऱ्याचा छेद काढायचा आणि 'ट' म्हणताना जीभ कुठे वळते, 'त' म्हणताना कुठे टेकते, ते दाखवायचं. बोलणं थांबल्यावर जीभ कुठे असते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तो पडला हिच्यामुळे. माझं घोरणं मध्येच थांबायचं आणि त्या शांततेनेच हिला जाग यायची. उठून बसायची, पुढचा श्वास येईपर्यंत मनात आकडे मोजायची. एका रात्री पंचविसापर्यंत गेली आणि सकाळी मला घेऊन दवाखान्यातच गेली. डॉक्टरांनी तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावली. पडजीभ दिसतच नव्हती. मग एक रात्र अंगभर वायरी लावून झोपेची तपासणी झाली. श्वास निदान दहा सेकंद थांबणं किंवा अगदी उथळ होणं, असं तासाला १९ वेळा होत होतं. १५ ते ३० म्हणजे मध्यम. डॉक्टरांनी मशीन लिहून दिलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं, ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे आणलेलं. सोबत एक चिठ्ठीही दिली, वाचा-उपचार करणाऱ्या बाईंच्या नावाची.

बाईंकडे यायची ती अडखळत बोलणारी मुलं आणि पक्षाघातानंतर घास गिळायला नव्याने शिकणारी म्हातारी माणसं. त्यांच्या रांगेत मला संकोच वाटत होता. बाईंनी माझ्याच वहीत तो छेद काढला, मी फळ्यावर काढतो तोच, पण मानेपर्यंत नेलेला. "नाकाला हाडाचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधल्या घशाला आधार आहे तो स्नायूंचा. जिभेचा सगळ्यात मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूने निघतो, पंख्यासारखा पसरतो आणि जिभेला पुढे धरून ठेवतो. झोपेत तो सैलावतो. उताणं झोपलं की जीभ मागे कलते. त्यात तोंड उघडं राहिलं, तर खालचा जबडा मागे सरकतो, जिभेलाही मागे नेतो. वाट आणखी अरुंद होते."

मग त्यांनी डब्यातून एक चुरमुरा काढला. वरच्या दातांच्या मागे, 'न'च्या जागी, जिभेच्या शेंड्याने तो धरायचा, ओठ मिटायचे, श्वास नाकाने घ्यायचा आणि थुंकी गिळायची. पहिला लगेच निसटला. दुसरा दातांखाली आला. सातवा पार विरघळेपर्यंत टिकला, तेव्हा बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

पुढे रोज अर्धा तास. शेंडा टाळूवरून मागे सरकवत न्यायचा. अख्खी जीभ टाळूला चिकटवून धरायची. 'आ' म्हणत पडजीभ उचलायची. ब्राझीलमध्ये मध्यम त्रास असलेल्या रुग्णांकडून तीन महिने असेच व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांचं प्रमाण तासाला सुमारे २२ वरून १४ वर उतरलं. २००९ साली छापून आलेला हा अभ्यास बाईंनी मला सांगितला, पण फार जपून सांगितला.

"तुमचं हाड आता हलणार नाही, सर. टाळू लहानपणी घडला तसाच राहणार. जिभेने जबडा बदलतो असं मोबाइलवर कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. स्नायू मात्र या वयातही शिकतो. आणि मशीन बंद करायला मी सांगणार नाही. ते डॉक्टर तपासून ठरवतील."

आजारी माणूस कुठल्याही आशेला लोंबकळतो. बाईंनी मला नेमकी तेवढीच आशा दिली, जेवढी खरी होती. त्यांचं हे ऋण मला सगळ्यात मोठं वाटतं.

चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. १९चे ११ झाले होते. मशीन आजही उशाशी आहे. पण रात्री वीज गेली, तर ही आता उठून बसत नाही.

बाई पुढे मुलीकडे परगावी राहायला गेल्या. उच्चारस्थानांचा तास दर वर्षी येतो. शेवटी मी खडू खाली ठेवतो. "सगळ्यांनी 'न' म्हणा. आता गप्प. जीभ कुठे आहे?" चाळीस तोंडं मिटतात. चाळीस जिभा आपापली जागा शोधत असतात आणि वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येतो. एखाद्याचे ओठ तेव्हाही मिटत नाहीत. तास संपल्यावर मी त्याला जवळ बोलावतो, नाकाने श्वास घेता येतो का ते विचारतो आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, असा निरोप त्याच्या आईला धाडतो. त्याचं हाड अजून घडतं आहे.