पंचनामा झाला, उपचाराचं काय?

"बाबासाहेबांनी एवढं सोसलं. त्यांना कधी डोक्याचा डॉक्टर लागला का?"

विहारातल्या एका बैठकीत आम्हाला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारे काका आमच्या जिल्ह्यातले जुने कार्यकर्ते. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. ॲट्रॉसिटीचा अर्ज कसा लिहायचा हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. आम्ही चौघं थेरपी घेतोय हे कळल्यावर त्यांना खरंच काळजी वाटली होती, की ही पोरं आता चळवळीच्या हातून गेली. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतोय.

आम्ही चौघं, दोन मुली आणि दोन मुलं, मराठवाड्यात सात वर्षं सत्यशोधनाचं काम करत होतो. कुठे बौद्धवाड्यावर हल्ला झाला, कुठे जयंतीच्या मिरवणुकीवरून घरं फोडली, कुठे पोराला खांबाला बांधून मारलं, की निरोप यायचा आणि आम्ही निघायचो. जबाब लिहून घ्यायचे, फोटो काढायचे, एफआयआरमध्ये कलमं बरोबर लागली का ते बघायचं, तपास डीवायएसपी करतोय की खालच्याच कुणाकडे ढकललाय ते विचारायचं, कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायचं, अहवाल लिहायचा. मग पुढचं गाव. या सात वर्षांत आम्ही एकमेकांना हजार प्रश्न विचारले असतील. "तुला झोप लागते का?" हा त्यात नव्हता.

झोप लागत नव्हती. एका गावातून परतताना वीस-पंचवीस मोटारसायकलींनी आमची जीप गाठून काचा फोडल्या होत्या. तेव्हापासून आमच्यातल्या एकीला मागून मोटारसायकलचा आवाज आला की हातपाय गार पडायचे. एकाने मार खाल्लेल्या पोराच्या पाठीचे फोटो मोबाईलमधून पुसून टाकले, पण जेवायला बसलं की ते डोळ्यांपुढे यायचे. एक जण घरी लहान पोरावर ओरडायचा आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचा. चौथीने फोन उचलणंच बंद केलं. आम्ही याला थकवा म्हणायचो. जो मागे पडला त्याला "कच्चा निघाला" म्हणायचो. हे शब्द आमच्याच तोंडचे आहेत.

मग जीपवरच्या हल्ल्याचा खटला उभा राहिला आणि तिची साक्ष लागली. आरोपींच्या वकिलाने विचारलं, "आधी शिवी दिली की आधी दगड मारला?" ती उभीच राहिली. तिला दगड आठवत होता, काचेचा आवाज आठवत होता, क्रम आठवत नव्हता. दहा मिनिटांत तिला खोटी ठरवून झालं. त्या रात्री ती आम्हाला म्हणाली, "मला आता जगायचाच कंटाळा आलाय." त्या रात्री आम्ही तिला एकटं सोडलं नाही आणि सकाळी डॉक्टरकडे नेलं.

पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी झोप आली, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. गोळ्या लागल्या तर घ्याव्यात. पण गावात काय झालं ते ती सांगायला लागली तेव्हा ते म्हणाले, "ते जातीचं डोक्यातून काढून टाका, निम्मं बरं वाटेल." ती परत तिथे गेली नाही. आपल्यातले किती जण अशा एका वाक्यामुळे दवाखान्याच्या पायऱ्या उतरले असतील, आणि पुन्हा कधी चढले नसतील?

दुसऱ्या बाई आम्हाला ओळखीतून मिळाल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ज्यांनी हल्ला केला ते अजून तुमच्या आसपास आहेत का?" त्या एका प्रश्नाने आम्ही बोलायला लागलो. जात हा आमच्या डोक्यातला विचार आहे असं त्यांनी धरलं नव्हतं. ती बाहेर आहे, माणसांच्या हातात दगड होऊन आहे, हे त्यांना मान्य होतं. पुढे एकेक करून आम्ही चौघंही त्यांच्याकडे गेलो.

त्यांच्याकडून आम्हाला कळलं की आमच्या 'थकव्या'ला नाव आहे. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी. घटना पुन्हा पुन्हा अंगावर येणं, तिची आठवण करून देणारी माणसं-जागा टाळणं, मन बधिर होणं किंवा सगळा दोष स्वतःवर घेणं, शरीर कायम सावध राहणं. हे महिनाभराहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर ते तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. डीएसएम या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. ज्यांच्यावर घटना ओढवली त्यांनाच हा आजार होतो असं नाही. कामाचा भाग म्हणून अशा घटनांचे भयंकर तपशील ज्यांना वारंवार बघावे-ऐकावे लागतात, त्यांनाही तो होऊ शकतो. सत्यशोधनाला जाणाऱ्या कार्यकर्त्याचं काम याहून वेगळं काय असतं?

हे निदान पुस्तकात आलं कसं, हेही आपल्या पोरांना माहीत असावं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या आणि युद्धाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यासोबत बसले. व्यवस्था त्यांच्या दुखण्याला स्वभावदोष म्हणत होती. त्यांनी दहा वर्षं रेटा लावला, आणि १९८० मध्ये पीटीएसडी हे नाव त्या पुस्तिकेत आलं. म्हणजे हा शब्दसुद्धा एका चळवळीने झगडून मिळवलेला आहे. तो वापरायला आपण लाजायचं कारण नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण वाचतो, वाटतो, त्यावर भाषणं करतो. लहानपणी गोरेगावच्या प्रवासात पाण्यावाचून काढलेली रात्र त्यात आहे. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत हातात काठ्या घेऊन समोर उभे ठाकलेले लोक आहेत. पण त्या प्रसंगाच्या शेवटी बाबासाहेब काय सांगतात याकडे आपलं लक्ष जात नाही. अठरा वर्षं उलटली तरी ते दृश्य पुसलं गेलं नाही आणि ते आठवलं की आजही डोळ्यांत पाणी येतं, असं ते स्वतः लिहितात. महाड, गोलमेज परिषद, एवढं सगळं मधे होऊन गेलं होतं. तरी पाणी येत होतं. आणि ते त्यांनी लपवलं नाही, लिहून ठेवलं.

बाबासाहेबांना आम्ही कुठला आजार चिकटवत नाही. तो आमचा अधिकार नाही. आम्ही एवढंच म्हणतो की त्यांनी सोसलं म्हणून तुम्हीही गप्प सोसा, हा निष्कर्ष त्यांच्या लिखाणातून निघत नाही. जखमेला शब्द द्यायचे, तिचं कारण शोधायचं, ते कारण समाजापुढे मांडायचं, ही त्यांची रीत. त्यांनी आपल्याला दिलेला धम्मही दुःख आहे हे मान्य करण्यापासूनच सुरू होतो.

थेरपीत काय झालं हेही सांगतो, कारण अनेकांना वाटतं की तिथे सोफ्यावर झोपून बालपण उगाळायचं असतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने झोप, जेवण, श्वास आणि सुरक्षितता यांवरच गेले. मग एक दिवस बाईंनी जमिनीवर दोरी अंथरली. दोरीचं एक टोक म्हणजे जन्म. चांगल्या प्रसंगाला फूल ठेवायचं, वाईटाला दगड. प्रत्येकाने आपापल्या बैठकीत आपली दोरी मांडली. आम्हाला वाटलं होतं, दगड जीपपासून सुरू होतील. पण एकाचा पहिला दगड चौथीच्या वर्गातला निघाला, माठाला हात लावला म्हणून बसलेल्या थपडेचा. दुसऱ्यांच्या जखमांची नोंद करायला निघालेल्या आम्ही आपली पहिली नोंद कधी केलीच नव्हती. फुलंही होती. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली १४ एप्रिलची मिरवणूक चौघांच्याही दोरीवर होती.

मग दोरीवरचा एकेक प्रसंग क्रमाने, हळूहळू सांगायचा. तेव्हा काय दिसलं, अंगात काय झालं, मनात काय आलं. बाई लिहून घेत, पुढच्या वेळी वाचून दाखवत. याला नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी म्हणतात, आणि ती निर्वासितांसोबत, राजकीय हिंसेतून वाचलेल्यांसोबत वापरली जाते. तिचं एक मूळ चिलीत आहे. पिनोशेच्या लष्करी राजवटीत तिथले मानसशास्त्रज्ञ छळातून वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवत. ती साक्ष अत्याचाराचा पुरावाही असे आणि सांगणाऱ्याचा उपचारही. १९८३ मध्ये त्यांच्यातल्या दोघांनी या पद्धतीवर लेख लिहिला, तोही टोपणनावांनी.

हे ऐकल्यावर आम्हाला एक माउली आठवली आणि आमची मान खाली गेली.

तिचा मुलगा मारला गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा तिच्याकडे आधीच दोन समित्या, तीन चॅनल आणि चार पुढारी येऊन गेले होते. तिने आम्हालाही सगळं सांगितलं. भिंतीकडे बघत, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. अहवालात आम्ही लिहिलं, "माउली धीराने बोलल्या." तो धीर नव्हता. ती बधिर झाली होती. बोलून झाल्यावर तिच्याजवळ बसायला आमच्यापैकी कुणी थांबलं नाही, कारण पेपरला बातमी पाठवायची होती. अत्याचार आम्ही केला नव्हता. पण तिची जखम दहाव्यांदा उघडणारे हात आमचे होते. चिलीतले लोक ज्या साक्षीने माणूस उभा करत होते, त्याच साक्षीने आम्ही तिला रिकामं करून आलो.

म्हणून आता आम्ही काही नियम पाळतो. पीडित कुटुंबाचा जबाब एकदाच, त्यांच्या सोयीने घ्यायचा, आणि त्यांच्या परवानगीने बाकीच्या समित्यांना द्यायचा. कॅमेरा नंतर, तोही विचारून. महिन्याने आणि तीन महिन्यांनी परत जायचं, बातमी संपली तरी. गावाहून आल्यावर चौघांनी बसून बोलल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. सलग दोन घटनांना एकाच माणसाला पाठवायचं नाही. आणि जयंतीच्या वर्गणीतला काही भाग उपचारासाठी बाजूला काढायचा. या शेवटच्या मुद्द्यावर वाद झाला, तरी तो मंजूर झाला.

कायदाही आपल्या बाजूने वापरता येतो. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क आहे. कुठल्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही त्या यादीत जात हा शब्द आहे, सामाजिक आणि राजकीय मतंही आहेत. "जातीचं डोक्यातून काढा" म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांचं संरक्षण, प्रवास व निर्वाह खर्च आणि तपास-खटल्याच्या काळातलं सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आहे. त्या पुनर्वसनात मानसिक उपचार धरा, ही मागणी आपल्या निवेदनात यायला हवी. आपण भरपाईचे हप्ते मागतो. झोप मागत नाही. आणि ज्याला आज रात्रीच कुणाशी बोलायची गरज आहे, त्याने टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो.

आम्ही बरे झालो का? बरेचसे. मोटारसायकलचा आवाज आला की ती अजून वळून बघते, पण आता हातपाय गार पडत नाहीत. एक जण सत्यशोधन सोडून अभ्यासिका चालवतो, आणि त्याला आम्ही कच्चा म्हणत नाही. आजाराच्या नावात 'पोस्ट' आहे, म्हणजे नंतरचं. आपल्या बाबतीत ती घटना संपलेली नसते, उद्या पुन्हा निरोप येणारच असतो. थेरपीने जात जात नाही. ती मोर्चाने, कायद्याने, संघटनेनेच जाईल. पण त्या मोर्चात चालायला माणसं शिल्लक राहिली पाहिजेत.

बैठकीनंतर काकूंनी आम्हाला चहाला थांबवलं होतं. १९७८ ला वस्ती पेटली तेव्हा काका सोळा वर्षांचे होते. कप विसळत काकू हळूच म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, हा माणूस दाराला पाठ लावूनच झोपतो. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही."

काका, उत्तर द्यायला उशीर झाला. पुढच्या खेपेला आम्ही येऊ तेव्हा अर्ज लिहायला बसणार नाही. तुमचं ऐकायला बसू, तुम्हाला सांगावंसं वाटलं तर.

जय भीम.