पेंडीचा हिशेब

सांगली जिल्ह्यातील एका बाजारगावात सरकी पेंड, गोळी पेंड आणि भुशाचे एक जुने दुकान आहे. दुकानाचा व्यवहार मुलाकडे गेला असला तरी सकाळी आठ वाजता गादीवर येऊन बसतात ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबाच. गिऱ्हाईक त्यांना ‘अण्णा’ म्हणते. काट्यावर पोते असताना त्याला हात लावायचा नाही आणि पोत्याचे वजन मालात धरायचे नाही, हे त्यांच्या वडिलांनी घालून दिलेले दोन नियम. लोखंडी तराजू जाऊन विजेवरचा काटा आला, तरी हे नियम बदलले नाहीत. मापात खोट नाही, याचा या घराला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे.

गेल्या उन्हाळ्यात हा अभिमान एकदा तपासून पाहण्याची वेळ आली.

मळ्यावरच्या एक वहिनी दुकानात आल्या. घरी दोन संकरित गायी. त्यांतली एकच दुधात, बारा लिटर देणारी. संकलन केंद्रावर तिच्या दुधाला तीनच फॅट लागू लागली होती. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर ठरतो. त्याखाली उतरले की दर कापला जातो. दूध तेवढेच, कष्ट तेवढेच, दहा दिवसांचे बिल मात्र कमी. वहिनींनी विचारले, “अण्णा, फॅट वाढायला काय घालू?”

अशा प्रश्नाचे दुकानातले उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. अण्णा म्हणाले, “पेंड वाढवा, वहिनी. पैशाची घाई नाही.” दोन पोती उधारीवर लिहिली गेली.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी नात सुटीसाठी घरी आलेली होती. ती आतल्या बाजूला बसून हे ऐकत होती. वहिनी पायरी उतरण्यापूर्वीच तिने त्यांना थांबवून विचारले, “काकू, कडबा किती घालता?”

उत्तरात सगळे आले. कारखान्याचा हंगाम संपल्याने उसाचे वाढे बंद झाले होते. कडब्याचा भाव परवडेना, म्हणून चाऱ्याची कसर पेंडीने भरून काढली जात होती. सात किलो गोळी पेंड, वर तीन किलो मक्याचा भरडा, कडबा नावापुरता. गाय रवंथ कमी करते, शेण पातळ पडते, हेही वहिनींनी सांगितले.

“आजोबा,” वहिनी गेल्यावर नात म्हणाली, “त्या गायीला पेंड कमी पडत नाही, कडबा कमी पडतोय. तुम्ही दिलेल्या दोन पोत्यांनी फॅट आणखी उतरेल.”

अण्णांना राग आला. पण मुलीचे बोलणे पुराव्याचे असेल तर ऐकून घ्यावे, हीही त्या घरची रीत होती. त्या रात्री जेवणानंतर नातीने जे समजावले, ते अण्णांना व्यापाऱ्याच्या भाषेत लगेच उमगले.

गायीच्या पोटाचे चार कप्पे. त्यांतील पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. गवत आणि कडबा गायीला स्वतःला पचवता येत नाही; ते काम हे जीव करतात. तंतुमय चारा कुजवला की मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार होते आणि दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग त्यातून घडतो. मका, गहू यांसारख्या पिष्टमय खाद्यातून प्रोपियोनिक आम्ल अधिक मिळते. त्याने दूध वाढते. परंतु भरडा अति झाला आणि कडबा उणा पडला की रवंथ घटते, लाळ कमी सुटते, पोटातील आम्लता वाढते आणि फॅट कोसळते. सरकीने दूध घट्ट होते हा जुना अनुभव खोटा नाही, कारण सरकीत तेल आहे आणि तंतूही. पण कोणत्याही पेंडीला कडब्याची जागा घेता येत नाही.

“आणि या कारखान्यात एक तूटही आहे,” नात म्हणाली. चारा कुजताना हायड्रोजन सुटतो. काही सूक्ष्म जीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. लोक समजतात तसा तो मागच्या बाजूने नव्हे, बहुतांशी तोंडावाटेच जातो. खाद्यातील एकूण ऊर्जेपैकी दोनपासून बारा टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी हवेत जाते. हा वायू वातावरणात सुमारे बारा वर्षे टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात एकोणीस कोटींवर गोवंश आणि जवळजवळ अकरा कोटी म्हशी आहेत. तूट एका गोठ्यात किरकोळ वाटते. बेरीज किरकोळ नाही.

अण्णांनी नेमका प्रश्न विचारला. “कडब्याने मिथेन वाढतो म्हणतेस आणि कडबाच घाला म्हणतेस. मग जमा कोणती आणि खर्च कोणता?”

या विषयातली खरी अडचण हीच आहे. किलोमागे पाहिले तर धान्यापेक्षा चाऱ्यातून मिथेन अधिक निघतो. पण गाय हा रवंथ करणारा प्राणी. तिला धान्यावर ढकलून मिथेन वाचवायचा म्हणजे तिच्या प्रकृतीचे भांडवल खाऊन नफा दाखवायचा. हिशेब लिटरमागे मांडावा लागतो. गाय चार लिटर देवो की आठ, स्वतःचे शरीर चालवण्यासाठी तिला ठरावीक खाद्य लागतेच आणि त्याचा मिथेनही निघतोच.

“म्हणजे दुकानाचे भाडे,” अण्णा म्हणाले. “विक्री होवो न होवो, द्यावेच लागते. विक्री वाढली की पोत्यामागे भाडे कमी पडते.”

“अगदी तेच.”

आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात संतुलित आहाराचा जो कार्यक्रम राबवला, त्याच्या मुळाशी हेच गणित होते. गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती गोठ्यात जाई, जनावराच्या छातीचा घेर मापून वजन काढी, दूध आणि चारा तोली आणि उपलब्ध चाऱ्यातून कमीत कमी खर्चाचा आहार संगणकावर मांडून देई. पंचवीस लाखांहून अधिक जनावरे या कार्यक्रमाखाली आली. आहाराचा खर्च घटला आणि लिटरमागे मिथेन दहा टक्क्यांहून अधिक कमी झाला. अनेक ठिकाणी उणीव पेंडीची नव्हतीच. होती ती क्षारांची. उसाच्या वाढ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, हे ऊसपट्ट्यातील प्रत्येक गोठ्याला लागू आहे.

मिथेन थेट रोखण्याचे प्रयोगही चालू आहेत. ३-नायट्रोऑक्सिप्रोपेनॉल हे द्रव्य मिथेन बनवणाऱ्या जीवांचे एक विकर अडवते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात दुभत्या गायींवर बारा आठवडे झालेल्या प्रयोगात मिथेन सुमारे तीस टक्क्यांनी घटला आणि दूध कमी झाले नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्याला मान्यता दिली. मात्र आहारात तंतू जास्त असले की त्याचा प्रभाव उणावतो आणि आपल्याकडचा आहार तर तंतूंचाच. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले. त्याने १७ ते २० टक्के घट होते, असा संस्थेचा निष्कर्ष आहे. चिंचोक्याच्या टरफलाचाही तेथे असाच उपयोग केला गेला.

अण्णांनी हे सारे लक्षपूर्वक ऐकले. शेवटी त्यांनी विचारले ते मिथेनबद्दल नव्हते. “या हिशेबाने आपली पेंड कमी खपेल ना?”

“काही गोठ्यांत कमी खपेल,” नात म्हणाली. “खोटे कशाला सांगू?”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग जणू स्वतःशीच म्हणाले, “मापात खोट कधी केली नाही. सल्ल्यातली खोट मात्र कधी तोललीच नाही.”

दुसऱ्या दिवशी ते नातीला घेऊन मळ्यावर गेले. न उघडलेले एक पोते परत घेऊन ते खात्यातून वजा केले. कडबा त्यांच्या दुकानात मिळत नाही. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तो वहिनींना देववला आणि त्याची हमी स्वतः घेतली. भरडा हळूहळू कमी करत बंद केला, पेंड पाच किलोवर आणून तीन वेळांत विभागली, कडब्याची फार बारीक नसलेली कुट्टी आणि रोज पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण सुरू केले. तिसऱ्या आठवड्यात फॅट ३.६ लागली. दूध अर्धा लिटर उतरले. तरी बिल वाढले, कारण दर पूर्ण मिळाला आणि पेंडीचा खर्च घटला. पावसाळा संपेपर्यंत वहिनींची जुनी बाकीही थोडी थोडी फिटू लागली.

मुलाला हे सारे पटले आहे, असे नाही. गेल्या वर्षीपेक्षा गोळी पेंडीची पोती कमी गेली, हे तो वहीतले आकडे दाखवून सांगतो आणि आकडे खरे आहेत. अण्णा ते नाकारत नाहीत. कोणी पेंड मागायला आले की मात्र काटा सुरू करण्यापूर्वी ते आता एक प्रश्न विचारतात, “कडबा किती घालता?” आणि उत्तर ऐकल्यावरच किती पोती द्यायची ते ठरवतात.