तीन खोऱ्यांचा बर्फ आणि कामगारांची सुट्टी

फ्रान्सच्या पूर्वेस इटलीच्या सरहद्दीला लागून सावोआ नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथे मूतिये हे एक लहानसे रेल्वे स्टेशन लागते. हिवाळ्यात शनिवार आला की पॅरिसकडून गाड्या भरून माणसे या स्टेशनावर उतरतात, बसने डोंगर चढतात आणि आठवडाभर बर्फावरून घसरत राहतात. आम्ही काही तेथे जाऊन आलेलो नाही. कारकुनाच्या पगारात ते बसणारेही नाही. पण कामगारांच्या रजेच्या कायद्यांविषयी वाचताना या जागेची हकीकत हाती लागली, आणि ती वाचक बंधुभगिनींना सांगावीशी वाटली.

या भागाचे नावच 'तीन खोरी'. पहिल्या खोऱ्यात कुर्शव्हेल, मधल्यात मेरिबेल, आणि तिसऱ्या बेलव्हिल खोऱ्यात ले मेन्युइर व व्हाल तोरांस अशी गावे आहेत. व्हाल तोरांस २,३०० मीटर उंचीवर आहे. स्कीइंग म्हणजे पायांना दोन लांब पट्ट्या बांधून, हातात काठ्या घेऊन उतारावरून घसरत खाली येणे. वर जाण्यासाठी तारेवर चालणारे पाळणे असतात. उतारांना रंग दिलेले असतात: हिरवा शिकाऊ माणसाचा, मग निळा, मग लाल, आणि काळा केवळ पटाईताचा. या तीन खोऱ्यांत असे सुमारे ६०० किलोमीटरचे उतार एकमेकांना जोडलेले आहेत आणि एकच पास सगळीकडे चालतो. सकाळचा नाश्ता कुर्शव्हेलला करून दुपारचे जेवण व्हाल तोरांसला घेता येते. मात्र परतीचा शेवटचा पाळणा चुकता कामा नये. तो चुकला तर रस्त्याने पार खाली उतरून दुसऱ्या खोऱ्यात पुन्हा चढावे लागते, आणि टॅक्सीवाला त्याचे चांगलेच पैसे घेतो.

आता मूळ गोष्ट. १९३६ साली फ्रान्समध्ये लाखो कामगारांनी संप केला, कारखान्यांत ठाण मांडले. त्याच उन्हाळ्यात लेओं ब्लूम यांच्या सरकारने कायदा करून कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. तोवर सुट्टी म्हणजे घरी बसणे आणि पगार बुडणे. पुढे १९५६ साली तिसरा आठवडा मिळाला, १९६९ साली चौथा, १९८२ साली पाचवा. रजा मिळाली, पण जायचे कोठे?

याचा विचार एक माणूस तुरुंगात बसून करीत होता. लोराँ शापी हे वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडले व ऑस्ट्रियातील युद्धकैद्यांच्या छावणीत पडले. तेथे त्यांनी या तीन खोऱ्यांच्या विकासाचा अभ्यास लिहून काढला. १९४६ साली सावोआच्या जिल्हा परिषदेने कुर्शव्हेलचे काम हाती घेतले आणि आराखडा शापींकडे दिला. वरच्या मोकळ्या कुरणावर सार्वजनिक पैशातून नवे गाव उभे करायचे, आणि साध्या माणसालाही बर्फाची सुट्टी मिळावी, असा मूळ विचार होता. पण हॉटेले बांधायला भांडवल हवे, आणि भांडवलवाल्याची नजर पैसेवाल्या गिऱ्हाइकावर. आज त्याच कुर्शव्हेलमध्ये अतिश्रीमंतांची हॉटेले आहेत, उंची कपड्यांची व दागिन्यांची दुकाने आहेत, आणि लहान विमाने उतरवायला डोंगराच्या उतारावर ५३७ मीटरची धावपट्टी आहे. गावाच्या नावामागे लावतात तो १८५० हा उंचीचा आकडाही जरा फुगवलेलाच. खरी उंची त्याहून सुमारे शंभर मीटर कमी भरते.

साधा माणूस मग गेला कोठे? काही जण ले मेन्युइरला. १९६४ साली सुरू झालेल्या या गावात लांबच लांब उंच इमारती बर्फाच्या कडेला उभ्या केल्या. पुष्कळांनी त्यांना कुरूप म्हणून नावे ठेवली. एका लहान खोलीत चौघे, भिंतीला एकावर एक बिछाने, कोपऱ्यात शेगडी. हे वाचून आम्हाला हसू आले. आपल्या लोकांना त्यात नवल ते काय! पण घरचे शिजवून खाता येते म्हणूनच तेथे बेताच्या कमाईचे कुटुंब आठवडा काढू शकते. कामगारांनी निवडलेल्या समित्या कारखान्याच्या पैशातून सुट्टीला मदत करतात. १९८२ पासून सुट्टीच्या खर्चासाठी खास धनादेशही मिळतात, म्हणजे आपल्या एलटीसीचेच भावंड म्हणा. १९५३ साली पॅरिसजवळच्या वान्व येथील शाळेचा एक वर्ग बर्फात नेऊन तेथेच शिकवला, आणि मग ही पद्धत देशभर पसरली. गेल्या काही दशकांत मात्र खर्च वाढून अशा सहली कमी झाल्या. तिन्ही खोऱ्यांचा एका दिवसाचा पासच ८० युरोच्या आसपास पडतो. बहुसंख्य फ्रेंच माणसे हिवाळ्यात स्की करायला जातच नाहीत.

आणि या सुट्टीमागे राबणारे हात? पहाटे हिमकडे कोसळू नयेत म्हणून सुरुंग लावणारे, रात्रभर यंत्राने उतार सपाट करणारे, पाळण्यावर माणसे चढवणारे, भांडी घासणारे, खोल्या झाडणारे. यांतले पुष्कळ जण हंगामापुरते असतात, डिसेंबर ते एप्रिल. श्रीमंतांच्या गावात त्यांना परवडणारी खोली मिळत नाही. कित्येक जण दाटीवाटीने राहतात, काही तर गाडीतच झोपतात. २० जानेवारी २०१९ च्या पहाटे कुर्शव्हेलमध्ये हंगामी कामगार राहत होते त्या इमारतीला आग लागली. लोकांनी जीव वाचवायला खिडक्यांतून उड्या टाकल्या. दोघे गेले, वीसहून अधिक जखमी झाले. २०२०-२१ च्या हिवाळ्यात कोविडमुळे सरकारने देशभरचे पाळणे बंद ठेवले, तेव्हा हंगामच बुडाला. आणि बर्फही पूर्वीसारखा राहिलेला नाही. हिमनद्या आटत चालल्या आहेत, खालच्या उतारांवर यंत्राने पाणी फवारून बर्फ करावा लागतो.

स्थानिक माणसांचे तरी वेगळे काय? सावोआच्या गरीब खेड्यांतली पोरे एकेकाळी हिवाळ्यात शहरांत जाऊन धुराडी साफ करीत. आज त्याच गावांतली काही माणसे हिवाळ्यात पाळण्यावर उभी राहतात आणि उन्हाळ्यात गाईंमागे जातात. मे-जूनमध्ये बर्फ वितळला की त्याच उतारांवर गवत येते, तांबूस रंगाच्या तारीन गाई चरायला चढतात, आणि त्यांच्या दुधाचे बोफोर नावाचे चीज बनते.