परत पाठवणे : काही टिपणे

२०२३ च्या ऑक्टोबरात आमच्या घरी हांगझोऊच्या आशियाई खेळांतली पदके मोजली जात होती. धाकटीने फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला होता. रोज रात्री जेवणे झाली की जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा. १०७ वर आकडा थांबला, ८ तारखेला स्पर्धा संपल्या. त्याच आठवड्यात एक बातमी वाचली. समारोपाच्या दुसऱ्याच दिवशी चीनने आपल्या ईशान्येकडच्या कोठड्यांतून उत्तर कोरियाच्या पाचशेहून अधिक माणसांना गाड्यांत भरून सीमेपलीकडे नेऊन सोडले, असे मानवी हक्क संघटना सांगत होत्या. त्यांत बहुतेक बायका होत्या. या माणसांचे पुढे काय होते, ते पाठवणाऱ्याला २०१३ पासून लेखी कळवलेले आहे. त्या रात्री ही वही काढली.

*

‘छळछावणी’ म्हटले की आपल्याला हिटलरची जर्मनी आठवते. नुसती ‘छावणी’ मात्र घरचा शब्द आहे. लष्कराची छावणी असते. दुष्काळात चारा छावणी असते, तिथे दावणीची गुरे पाऊस येईपर्यंत जगवायची असतात.

उत्तर कोरियात राजकीय कैद्यांच्या छावणीला ‘क्वानलिसो’ म्हणतात. म्हणजे व्यवस्थापनाची जागा. शिक्षा ठरवून ज्यांना आत टाकतात त्यांच्या तुरुंगाचे नाव ‘क्योह्वासो’, शिकवून सुधारण्याची जागा. पहिल्या नावात सुधारण्याचा शब्दच नाही, कारण तिथून बहुतेकांनी बाहेर यावे अशी अपेक्षाच नाही.

*

रागाच्या भरात आपण दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तोंडानेच करतो, संध्याकाळपर्यंत विसरतो. तिथे तीन पिढ्या प्रत्यक्षात उचलून नेतात. ‘योनजवाजे’ या रिवाजाने एकाच्या गुन्ह्यासाठी आईबाप, बायको, मुले, नातवंडे सगळी आत जातात. तेरा वर्षांची असताना १८ क्रमांकाच्या छावणीत गेलेली एक मुलगी अठ्ठावीस वर्षांनी बाहेर पडली. आजोबा दक्षिणेला निघून गेले होते, हा आपला गुन्हा होता, हे तिला फार उशिरा कळले.

*

मार्च २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने चौकशी आयोग नेमला. मतदान न होता, सर्वसंमतीने. अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायमूर्ती मायकेल किर्बी, सोबत सर्बियाच्या सोन्या बिसेर्को आणि इंडोनेशियाचे मार्झुकी दारुस्मान. उत्तर कोरियाने आयोगाला देशात पाऊल ठेवू दिले नाही. मग किर्बींनी कोर्टासारखे काम चालवले. सोल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टन इथे उघड सुनावण्या घेतल्या. ऐंशीहून अधिक जणांनी चारचौघांत बसून सांगितले, आणखी दोनशे चाळीसहून अधिक जणांच्या मुलाखती गुप्त राखून घेतल्या.

साक्षींची छायाचित्रणे मी पाहिली. भाषा कळत नाही, खाली भाषांतर येत राहते. साक्षीदार बोलता बोलता थांबतो, आणि किर्बी घाई करत नाहीत. एका बाईने सांगितले की चीनमधून परत आणलेल्या एका बाळंतिणीला पहारेकऱ्यांनी तिचे नवजात मूल पाण्यात बुडवायला लावले. बापाची जात चिनी, हे त्या मुलाचे पाप. तिथे मी यंत्र बंद केले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत राहिले.

१७ फेब्रुवारी २०१४ रोजी अहवाल जाहीर झाला. सविस्तर निष्कर्ष पावणेचारशे पानांच्या आसपास आहेत. चार मोठ्या छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार माणसे असावीत, असा अंदाज आहे. संहार, गुलामी, छळ, बलात्कार, सक्तीचे गर्भपात, जाणूनबुजून उपाशी ठेवणे, ही सगळी कृत्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत मोडतात, असा निष्कर्ष आहे. आणि एक वाक्य जगाला उद्देशून आहे: या राज्यसंस्थेने आपल्या लोकांचे रक्षण करण्यात उघडच कसूर केली आहे, तेव्हा ती जबाबदारी आता आंतरराष्ट्रीय समुदायाने उचलली पाहिजे. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सगळ्या देशांनी, आपणही, हेच तत्त्व मान्य केले होते.

*

ह्वासोंगची १६ क्रमांकाची छावणी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजली तर सुमारे ५६० चौरस किलोमीटर भरते. बृहन्मुंबईपेक्षा थोडीच लहान. डोंगर, नदी, शेते, वस्त्या. वरून पाहिले तर आपल्या एखाद्या तालुक्यासारखीच दिसते.

*

कांग चोल-ह्वान नऊ वर्षांचा होता तेव्हा, १९७७ मध्ये, योदोकच्या १५ क्रमांकाच्या छावणीत गेला. आजोबांवर ठपका होता. जाताना त्याने आपली माशांची काचपेटी छातीशी धरली होती. पुढे त्याच्या पुस्तकाच्या नावातही तीच आली. आईचे माहेर ‘क्रांतिकारक’ म्हणून तिला मागे ठेवले आणि नवऱ्यापासून घटस्फोट घ्यायला लावला. दहा वर्षे मक्यावर निभावणे, उंदीर पकडून खाणे, ओझी वाहणे. १९८७ मध्ये तो सुटला.

पण हे कुटुंब उत्तर कोरियात आले कुठून? जपानमधून. क्योतोत आजीआजोबांचा संसार चांगला चालला होता. त्यांना ‘मायदेशी परत’ पाठवण्याची एक मोहीम निघाली होती, आणि ती आखणारी मंडळी पहारेकरी नव्हती. ती रेडक्रॉसची होती.

*

हे टिपण लिहिताना हात जड होतो, कारण पत्ता आपला आहे. १३ ऑगस्ट १९५९ रोजी जपान आणि उत्तर कोरिया यांच्या रेडक्रॉस संस्थांनी करारावर सह्या केल्या त्या कलकत्त्यात. म्हणून तो कलकत्ता करार. १४ डिसेंबरला नीगाता बंदरातून पहिली जहाजे निघाली. १९८४ पर्यंत ९३ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत कोरियन नवऱ्यांबरोबर निघालेल्या जपानी बायकाही होत्या. प्योंगयांगने घर, काम, मुलांना शिक्षण, सारे देऊ केले होते. पृथ्वीवरचा स्वर्ग असा प्रचार होता. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी नीगातात प्रत्येकाला विचारत, तुम्ही स्वखुशीने निघालात ना? उत्तर लिहून घेत.

इतिहासकार टेसा मॉरिस-सुझुकी यांनी जिनिव्हातले दप्तर उघडल्यावर दाखवून दिले की आपल्याकडचे गरीब कोरियन कमी व्हावेत, ही जपानी सरकारचीही इच्छा होती. तिथे त्यांची कल्याणकारी मदत तोडली जात होती, त्यांना नोकऱ्या मिळत नव्हत्या. अशा माणसाला ‘स्वखुशीने ना?’ विचारल्यावर तो काय सांगणार?

आणि ‘परत’ हा शब्दच मुळात खोटा. यातले बहुतेक लोक कोरियाच्या दक्षिण भागातले होते. उत्तरेत त्यांचे गाव नव्हते, नातेवाईक नव्हते. कित्येक मुले तर जपानमध्येच जन्मलेली. तिथे गेल्यावर बाहेरचे जग पाहिलेली माणसे म्हणून ती संशयित ठरली, आणि त्यांतली अनेक छावण्यांत पोचली. काहीजण वृद्ध होऊन जपानला निसटून आले आणि त्यांनी उत्तर कोरियावर दावा लावला. टोकियोच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हटले की तो दावा ऐकण्याचा जपानी न्यायालयाला अधिकार आहे. वर पदकांचा महिना लिहिला आहे, तोच महिना.

*

चीनचे म्हणणे असे की ही माणसे निर्वासित नाहीत, पोटासाठी बेकायदा शिरलेली आहेत. १९५१ चा निर्वासित करार चीनने १९८२ मध्ये स्वीकारला. त्याचे ३३ वे कलम सांगते की जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे माणसाला परत धाडू नये. समजा एखादी बाई खरोखर पोटासाठीच तुमेन नदी ओलांडून आली. नुसती देश सोडून गेली म्हणून तिला मारहाण आणि छावणी मिळणार असेल, तर ज्या दिवशी तिने नदी ओलांडली त्या दिवशीच ती निर्वासित झाली. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

अहवाल येण्याआधीच, डिसेंबर २०१३ मध्ये, किर्बींनी चीनच्या जिनिव्हातल्या राजदूतांना पत्र लिहून कळवले की माणसे परत पाठवणारे आणि त्यांची माहिती पलीकडे पुरवणारे अधिकारी या गुन्ह्यांना साहाय्य करणारे ठरू शकतात. वेगळे पत्र किम जोंग-उन यांना: तुम्ही स्वतः जबाबदार ठरू शकता. मला पहिले पत्र अधिक महत्त्वाचे वाटते. हुकूमशहाला दोष देणे कोणालाही जमते. गाडीचा दरवाजा लावणारा हातही गुन्ह्यात येतो, हे कोणीतरी शांतपणे कागदावर लिहिणे फार अवघड होते.

*

भारताने तो १९५१ चा करार आजवर स्वीकारलेला नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचाही आपण सदस्य नाही. १८ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने उत्तर कोरियाचे प्रकरण त्या न्यायालयाकडे सोपवण्याचा विचार सुरक्षा परिषदेने करावा असा ठराव केला: बाजूने ११६, विरोधात २०, तटस्थ ५३. आपण तटस्थ. न्यायालयाचा उल्लेख आपल्याला अडचणीचा होता, हे समजते. तरी छावण्यांविषयीच्या मतदानात आपले नाव त्या ५३ मध्ये वाचताना वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे नोंदवून ठेवते.

चार दिवसांनी सुरक्षा परिषदेने विषय निदान कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. अकरा बाजूने, चीन आणि रशिया विरोधात. तो कार्यपद्धतीचा प्रश्न होता, म्हणून नकाराधिकार चालला नाही. न्यायालयाकडे सोपवण्याचा प्रस्ताव मात्र आजवर मतालाच आलेला नाही. २०१७ नंतरची या विषयावरची पहिली उघड बैठक थेट ऑगस्ट २०२३ मध्ये झाली.

*

आयोगापुढे साक्ष दिलेल्या शिन दोंग-ह्योक याने आपल्या छावणीच्या गाजलेल्या कहाणीतले काही भाग बदलल्याचे जानेवारी २०१५ मध्ये कबूल केले. प्योंगयांगने लगेच सगळा अहवालच खोटा ठरवला. तीनशेवर माणसांच्या सांगण्यातले ते एकाचे सांगणे. छळलेल्या माणसाची आठवण सरळ रेषेत येत नाही, म्हणून तर इतक्या जणांना विचारायचे असते.

*

दुसऱ्या देशातून एक आशेची नोंद. १३ जानेवारी २०२२ रोजी जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या न्यायालयाने सीरियाच्या गुप्तचर खात्यातील माजी कर्नल अन्वर रसलान याला दमास्कसच्या कैदखान्यातल्या छळासाठी जन्मठेप दिली. गुन्हा तिकडचा, बळी तिकडचे, कोर्ट जर्मन. इकडे २०१५ पासून सोलमध्ये संयुक्त राष्ट्रांचे एक कार्यालय उत्तर कोरियातून सुटून आलेल्यांच्या साक्षी जमा करते आहे. पहारेकऱ्यांची नावेही कधीतरी लागतील.

*

कलकत्त्याच्या सहा वर्षे आधी याच कोरियात आपले जवान होते. कोरियन युद्ध थांबायला उशीर झाला तो बराचसा एका प्रश्नावरून: ज्या युद्धकैद्याला मायदेशी जायचे नाही त्याचे काय करायचे? १९४९ चा जिनिव्हा करार म्हणत होता, लढाई संपली की कैदी विनाविलंब परत करा. जायचेच नाही म्हणणाऱ्या कैद्यासाठी त्यात सोय नव्हती. शेवटी तटस्थ देशांचा आयोग नेमला, अध्यक्ष जनरल थिमय्या. बावीस हजारांहून अधिक कैदी ताब्यात घेणाऱ्या भारतीय तुकडीचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. तळाचे नाव हिंदनगर. एका भारतीय अधिकाऱ्याला चिनी कैद्यांनी ओढून नेले तेव्हा थोरात थोड्या सहकाऱ्यांना घेऊन त्या खवळलेल्या गर्दीत स्वतः गेले आणि त्याला सोडवून आणले.

तिथले सगळे उजळ नव्हते. कुंपणाच्या आत कैद्यांचेच म्होरके घरी जाऊ पाहणाऱ्यांना मारत होते, खूनही झाले. पण एक सोय केलेली होती. कैद्याला तंबूत आणत, त्याच्या देशाचे प्रतिनिधी त्याला समजावत, ‘परत चल’ म्हणत, आणि तो ऐकून घेई. तंबूला बाहेर पडायची दारे दोन होती. एक घरी जाणारे, एक न जाणारे. कोणत्या दाराने निघायचे ते त्याने ठरवायचे.

अठ्ठ्याऐंशी जणांना ना उत्तर हवे होते, ना दक्षिण, ना चीन, ना तैवान. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते आपल्या जवानांच्या जहाजातून मद्रासला उतरले. पुढे बरेचसे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले. थोडे इथेच राहिले.