दुसऱ्या नावाआडून

ऑनलाइन रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांत एक वाद कधीच मिटत नाही : एकच कॅरेक्टर धरून राहावं, की चार-पाच फिरवावीत? माझ्यापाशी याचं उत्तर आहे, पण ते एका भल्या माणसाला दुखावून मिळालंय. म्हणून आधी काय घडलं ते सांगतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ नावानं पुन्हा सुरू झाली. मी तेव्हा बेळगावात शिकत होतो. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि टिळकवाडीतली खोली सोडून निपाणीला घरी आलो. माझं कॅरेक्टर प्रीस्ट होतं. लढाईत इतरांना जगवायचं, हे त्याचं काम. आमचा गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांचा गट, युरोपातल्या सर्व्हरवर खेळायचा. तिकडचे संध्याकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. घरचे झोपले की मी माडीवर हेडफोन लावून बसायचो.

‘मोल्टन कोअर’ ही चाळीस जणांची मोहीम, म्हणजे रेड. एका कॅरेक्टरला ती आठवड्यातून एकदाच करता येते. शेवटाकडे मेजरडोमो हरला की एक पेटी मिळते आणि तिच्यात कधीकधी ‘आय ऑफ डिव्हिनिटी’ निघतो. प्रीस्टच्या सगळ्यांत मानाच्या काठीची, ‘बेनेडिक्शन’ची, वाट तिथून सुरू होते. तो डोळा एकाला मिळाला की बाकीच्यांनी पुन्हा कित्येक आठवडे वाट बघायची.

गिल्डमध्ये आणखी एक मराठी प्रीस्ट होती. मूळची साताऱ्याकडची, नोकरीनिमित्त नेदरलँडमध्ये राहणारी. मी तिला ताई म्हणायचो, ती मला निपाणीकर. डोळा निघाला तेव्हा पाळी तिची होती. तिनं लिहिलं, “तू घे रे. तू एक रेड चुकवत नाहीस. माझं कामामुळं खरं नाही.” मी घेतला. घेताना मनात आलंही नाही, की तिनं मला नुसती वस्तू दिली नव्हती. मी येत राहीन हा भरवसाही त्यात होता.

त्याच सुमारास मी एक वॉरियर चालू केला होता. त्यात गैर काही नव्हतं. प्रीस्ट पूर्ण वेळ इतरांच्या रक्ताच्या पट्ट्यांकडे बघत असतो. मला पुढं उभं राहून घाव झेलायचे होते. शिवाय हा गेमच दुसऱ्या कॅरेक्टरला हात देतो. सरायीत ठेवलेलं कॅरेक्टर विसावतं आणि पुन्हा खेळायला घेतलं की तो विसावा संपेपर्यंत शत्रू मारल्याचा अनुभव दुप्पट मिळतो. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये हातातलं हत्यार बदललं की तेच कॅरेक्टर दुसरं काम करू लागतं. इथं तसं नाही. वॉरियर व्हायचं तर पहिल्या लेव्हलपासून साठाव्यापर्यंत नव्यानं चढावं लागतं.

माझी पहिली चूक वेळेची. रात्र तेवढीच होती आणि ती मी दोघांत वाटली. दुसरी चूक मोठी होती. वॉरियरला मी वेगळ्या नावानं त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या गिल्डमध्ये घातलं आणि कुणाला सांगितलं नाही. दोन्ही रेड एकाच रात्री आल्या की जुन्या गिल्डला कळवायचो, लाइट गेली. आमच्याकडे लाइट जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी शंका घेतली नाही.

डोळा पिशवीतच राहिला. काठी मिळवण्याआधी प्रीस्टला ‘ईस्टर्न प्लेगलँड्स’मध्ये एक परीक्षा द्यावी लागते. पळून चाललेले शेतकरी लोंढ्यानं येतात, मेलेले धनुर्धारी त्यांच्यावर बाण सोडतात, काहींना रोग जडलेला असतो. पन्नास जणांना सुखरूप पोचवायचं. पंधरा मेले की सगळं संपलं. मदतीला कुणी नसतं. त्याला रोजच्या सरावाचा हात लागतो, आणि माझा हात आता वॉरियरचा झाला होता. माझ्यासमोर शेतकरी मरत राहिले. मग मी तो नादच सोडला. एव्हाना ताईनं ती काठी मिळवली असती.

एकदा मी वॉरियरवर होतो. ‘स्ट्रॅथोम’साठी पाच जणांचा चमू जमला आणि त्यात हीलर म्हणून, म्हणजे बाकीच्यांना जगवायला, ताई आली. मी तिचं नाव ओळखलं. माझं नाव तिला अनोळखी होतं. एका लढाईनंतर तिचा मॅना, म्हणजे जादूची ताकद, तळाला गेलेला दिसला आणि हातून सवयीनं लिहिलं गेलं, “ताई, बस जरा, मॅना भरून घे.”

तिचा खासगी निरोप आला : “निपाणीकर? तूच ना?”

मी इंग्रजीत उत्तर दिलं, कोण? मी नाही.

तिनं पुढं काही विचारलं नाही. शेवटच्या बॅरन रिव्हनडेअरपर्यंत तिनं माझं रक्त एकदाही निम्म्याखाली जाऊ दिलं नाही.

निपाणीच्या माणसाला अशा वेळी लखोबा लोखंडे आठवणारच. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आलं आणि त्यातला हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी महाराष्ट्रभर गाजला. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एकाच प्रयोगात पाच वेष पालटायचे. लहानपणापासून घरात त्या नाटकाचं कौतुक ऐकलेलं, पण नट आणि लखोबा यांतला फरक मला स्ट्रॅथोमनंतर उमगला. पणशीकरांनी पाच भूमिका केल्या, लखोबानं माणसं फसवली. वेष तेच, तोंडही तेच. पण प्रेक्षकांना नट कोण हे माहीत होतं. लखोबानं ज्यांना नाडलं त्यांना नव्हतं. आमच्या बाजारात दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो, दुसऱ्याशी कन्नड. त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही, कारण तो कोण हे दोघांनाही ठाऊक असतं. माझ्या दोन कॅरेक्टरांत वाईट काही नव्हतं. ती दोन्ही मीच आहे हे लपवलं, तिथं मी लखोबा झालो.

पुढं मी ताईला सगळं लिहिलं, दोन्ही गिल्डलाही सांगितलं. डोळा माझ्याच कॅरेक्टरला बांधलेला, परत देता येत नव्हता. गिल्डनं मला वाटणीच्या रांगेत सगळ्यांत मागं टाकलं, ते योग्यच होतं. ताईनं उत्तर दिलं, “सांगितलंस, बरं केलंस.” पण रेडनंतरच्या आमच्या मराठी गप्पा पुन्हा जुळल्या नाहीत. सराव करून मी त्या परीक्षेत पास झालो आणि काठी हातात आली, तोवर ताईनं गिल्ड सोडला होता.

आता निपाणी-बेळगावकडची पोरं मला तोच प्रश्न विचारतात : एक की अनेक? मी सांगतो, हवी तेवढी करा. गेम बऱ्याच बाजूंनी बघायला मिळतो, आणि घाव झेलणारा टँक आला नाही तर तुमचा दुसरा वॉरियर चाळीस जणांची रात्र वाचवतो. पण सगळी नावं गिल्डला पहिल्याच दिवशी सांगा. वाटणीतली वस्तू त्याच कॅरेक्टरसाठी मागा, जे पुढच्या आठवड्यातही येणार आहे. आणि कुणी विचारलं, तूच ना? तर म्हणा, हो, मीच.