रीडरने काय वाचू नये

हाटपिपल्यात मला 'सेन्सरवाला' म्हणतात आणि मीही ते चालवून घेतो. देवासच्या औद्योगिक वसाहतीत, पीथमपूरच्या कारखान्यांत आणि इकडे बागलीच्या बाजूच्या गोदामांत आरएफआयडी बसवून देणं, म्हणजे रेडिओ लहरींनी माल ओळखणारी यंत्रणा उभी करणं, हा माझा धंदा. घरी मराठी, मंडीत माळवी आणि कोटेशन इंग्रजीत, अशी आमची तीन तऱ्हांची बोलणी. बाहेरच्या माणसाला गाव सांगायचं तर मी म्हणतो, १९७७-७८ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झालेले कैलास जोशी इथले. तरी तो विचारतोच की हे देवासच्या कुठल्या अंगाला.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती लांबून वाचतं?" दहा मीटर म्हटलं की चेहरा खुलतो, तीन मीटर म्हटलं की पडतो. या प्रश्नावरूनच मला कळतं की समोरच्याने हे तंत्र दुकानातल्या नमुन्यावर पाहिलंय, फाटकावर नाही. टॅग वाचला न जाणं ही अडचण आहेच, पण ती पहिल्या दिवशी दिसते आणि पहिल्या आठवड्यात सुटते. जो टॅग वाचायला नको होता तो वाचला जाणं, ही खरी डोकेदुखी. ती महिनाअखेरीला हिशेब जुळेनासा झाला की उघडी पडते.

पण आधी मुळाशी जाऊ. शिकवायला मला सर्वांत सोयीचा पडतो तो फास्टॅग, कारण तो आता प्रत्येकाच्या काचेवर आहे. डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकी गाड्यांना तो विक्रीच्या वेळीच लावून मिळू लागला आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर सगळ्याच रांगा फास्टॅगच्या झाल्या. इंदूर-देवास रस्त्यावरून रोज जाणाऱ्यालाही वाटतं की पैसे त्या स्टिकरमध्ये भरलेले असतात. स्टिकरमध्ये असतो एक नंबर. शिल्लक बँकेत, गाडीची नोंद तिसरीकडे आणि या सगळ्याचा मेळ घालणारी वही चौथीकडे. धंद्यासाठी आरएफआयडी शिकायचं म्हणजे सगळ्यात आधी एवढं गळी उतरवायचं: टॅग फक्त आपलं नाव सांगतो. तो कुणाचा, कुठून आला, त्यात काय भरलंय, हे सगळं तुमच्या वहीला माहीत असावं लागतं. वही गबाळी असेल तर रीडर तो गबाळेपणा सेकंदाला शंभर नोंदींच्या वेगाने वाढवतो.

त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते, ही दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही. रीडर लहर सोडतो, टॅगचा अँटेना तिच्यातूनच चिपपुरती वीज गोळा करतो. आजच्या चांगल्या चिपला एका वॅटचा लाखावा भाग मिळाला तरी ती जागी होते. बोलायला तिच्याकडे स्वतःचा आवाज नसतो. अंगावर आलेली लहर ती कधी जास्त परतवते, कधी कमी, आणि त्या चढउतारात आपला नंबर घालते. युक्ती जुनी आहे. १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राष्ट्रचिन्ह भेट दिलं होतं. ते सात वर्षं राजदूताच्या घरी भिंतीवर लटकत राहिलं. आत ऐकणारं यंत्र दडवलेलं, पण त्यात बॅटरी नाही, तार नाही. बाहेरून रेडिओ लहर सोडली की खोलीतलं बोलणं परतणाऱ्या लहरीवर चढून बाहेर यायचं. ते यंत्र लेव थेरेमिन या संशोधकाचं. १९५२ मध्ये ते सापडलं. परावर्तित लहरीवरून संदेश पाठवण्याबद्दल हॅरी स्टॉकमनचा लेख मधल्याच काळात, १९४८ मध्ये आला. आज आमच्या खोक्यांवर चिकटतं ते याच कल्पनेचं काही रुपयांत मिळणारं रूप.

आता अंतराकडे. जाताना लहर पसरून विरळ होते आणि येताना पुन्हा तेच होतं. म्हणून अंतर दुप्पट केलं की रीडरपर्यंत परतणारी ताकद सोळाव्या हिश्श्यावर येते. त्यात जमीन, पत्रा, ट्रकची बाजू यांच्यावर आपटून आलेल्या लहरी एकमेकींना छेद देतात आणि हवेत आंधळ्या जागा तयार होतात. आपल्याकडे हे टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्टीत चालतात. २००५ मध्ये ही पट्टी मर्यादित ताकदीपुरती विनापरवाना खुली झाली; २०२१ च्या नियमांनी ती ८६८ पर्यंत वाढली. या लहरीची लांबी साधारण पस्तीस सेंटीमीटर. त्यामुळे न वाचला जाणारा टॅग चार बोटं सरकवला की कधीकधी लख्ख वाचला जातो. शिकाऊ पोरगा अशा वेळी रीडरची ताकद वाढवतो. मी त्याला आधी अँटेना हलवायला लावतो. ताकद वाढवली की तो एक टॅग मिळेल, आणि भिंतीपलीकडचे दहा फुकट येतील.

पाणी आणि लोखंड हे या पट्टीचे दोन वैरी. पाणी लहर पिऊन टाकतं, लोखंड ती उलटवतं आणि टॅगच्या अँटेनाचा सूरच बिघडवतं. माळव्यात दोन्ही मुबलक. सोयाबीन मंडीत येतं ते पावसाळ्याच्या शेपटाला. हमीभावाच्या खरेदीत ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो, पण मंडीतल्या सगळ्या ट्रॉल्यांनी तो नियम वाचलेला नसतो. अशा पोत्यांच्या थप्पीत मधल्या पोत्याला लावलेला टॅग म्हणजे विहिरीत टाकलेली चिठ्ठी. जनावरांच्या टॅगला १३४.२ किलोहर्ट्झची खालची पट्टी ठरवली आहे, त्यामागेही हेच: जिवंत शरीर बव्हंशी पाणीच, आणि खालची लहर पाण्याला फारशी दाद देत नाही. मात्र तिथे अंतर काही वितींपुरतंच. गावात पुष्कळांना वाटतं की गाई-म्हशींच्या कानातला सरकारी पिवळा बिल्ला म्हणजे चिप. त्यावर बारा आकडी नंबर आणि बारकोड असतो, रेडिओ नाही. डॉक्टरला जनावराच्या तोंडाशी जाऊन तो वाचावा लागतो, आणि माझ्या मते त्यात बिघडत काही नाही. सुई टोचायला जवळ जायचंच असतं.

पीथमपूरकडे पाण्याची जागा लोखंड घेतं. तिथे वाहनांचे सुटे भाग निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमधून पुरवठादाराकडून कारखान्यात येतात आणि रिकामे क्रेट परत जातात. निदान जायला हवेत. ते वाटेत कुठे मुरतात, यावरून दोन्हीकडच्या स्टोअरवाल्यांमध्ये कायम वाद. आरएफआयडीने खरोखर पैसा वाचवल्याचं मी पाहिलं ते अशा फिरत्या भांड्यांत. एक टॅग वर्षानुवर्षं फिरतो, त्याची किंमत शेकडो फेऱ्यांवर वाटली जाते. पण भरलेल्या क्रेटमध्ये गिअर असतात आणि टॅग भिंतीला आतून चिकटवला तर तो मुका होतो. म्हणून तो बाहेरच्या कडेला, गिअरपासून मोकळी जागा सुटेल असा लावायचा. लोखंडी ट्रे असेल तर टॅग आणि धातू यांच्यात अंतर राखणारा वेगळा जाड टॅग घ्यायचा. तो महाग, आणि खरेदी विभागाला ते पटवणं भौतिकशास्त्रापेक्षा अवघड.

आता मूळ दुखण्यावर येतो. एकाच डॉकवर दोन दारं शेजारी, दोन्हीवर रीडर. एका दारातून माल आत येतोय, दुसऱ्यातून बाहेर जातोय. दोन्ही रीडर एकमेकांच्या हद्दीतले टॅग वाचतात. आमच्या देवासमध्ये १९४८ पर्यंत एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्दी एकमेकींत गुंतलेल्या. थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून १९२१ मध्ये राहिलेल्या इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरलाही त्याची गंमत वाटली होती. शेजारच्या दोन रीडरांची गत तशीच असते: गाव एक, रयत एक, आणि वसुलीचे दावे दोन.

टॅगांचा आपापसातला गोंधळ यंत्रणेने चांगला सोडवलाय. रीडर घोषणा करतो की इतक्या पाळ्या आहेत. प्रत्येक टॅग मनाशी एक आकडा धरतो आणि आपली पाळी आली की बोलतो. दोघांची पाळी एकच निघाली तर पुन्हा आकडे. एकदा वाचलेला टॅग थोडा वेळ गप्प बसतो, म्हणजे बाकीच्यांना संधी. क्रेटांचा अख्खा ढीग क्षणात मोजला जातो तो यामुळे. पण या शिस्तीला दाराची हद्द कळत नाही. ती तुम्ही आखायची. ताकद उतरवा. अँटेना समोर न रोखता खाली, जमिनीकडे झुकवा. मधे लोखंडी जाळी उभी करा. पीथमपूरला वैरी असलेलं लोखंड इथे नोकरीला लागतं. दाराशी प्रकाशाचा सेन्सर लावा, म्हणजे कोणी ओलांडलं तरच रीडर जागा होईल. एकामागे एक दोन अँटेना लावले तर आधी कुणी पाहिलं यावरून माल आत गेला की बाहेर, हे कळतं. एवढं करूनही जे वाचलं गेलं त्यातली 'नोंद' कोणती आणि 'नुसतं दिसणं' कोणतं, हे ठरवणारा नियम सॉफ्टवेअरमध्ये लिहावा लागतो. दाराशी चहा पीत थांबलेल्या हम्मालाच्या हातगाडीवरचा क्रेट वीस मिनिटं दिसत राहतो. तो वीस मिनिटं आत येत नसतो.

याच जागी बहुतेकांचे प्रयोग फसतात, आणि दोष टॅगवर येतो. काही प्रयोग मात्र मालापाशीच फसतात. वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर, पॅलेटवर टॅग लावा असं बजावलं, तेव्हा जगाला वाटलं आता बारकोड संपला. संपला नाही. टॅग महाग होते, पाण्याच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे वाचले जात नव्हते, आणि पुरवठादाराला त्यातून काय मिळणार हे कोणी नीट सांगितलं नव्हतं. जम बसला तो कपड्यांत. कापडात पाणी नाही, लोखंड नाही, आणि एकाच शर्टाचे पाच आकार, सहा रंग असल्यामुळे मोजदाद रोजची गरज. डेकॅथलॉनच्या दुकानात टोपली ठेवली की बिल होतं, ते याच टॅगवर. तंत्र कुठे रुजेल हे मालाच्या स्वभावावर असतं.

म्हणून आमच्याकडच्या गोदामवाल्याने पोत्यापोत्याला टॅग लावून द्या म्हटलं की मी आधी त्याच्याच वहीतला हिशेब मांडतो. २०२५-२६ च्या रब्बी खरेदीला गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. पन्नास किलोचं पोतं बाराशेच्या घरात. टॅग त्यामानाने स्वस्त दिसतो. पण या पोत्यात आणि त्या पोत्यात गोदामाला फरक काय? काहीच नाही. फरक असतो तो लॉटचा: कुठल्या दिवशी आला, कुठल्या दर्जाचा, ओलावा किती. पोत्याला स्वतःची ओळख देऊन उपयोग शून्य, आणि बारदान फिरून दुसऱ्याच मालाला वापरलं गेलं की जुनी ओळख खोटी साक्ष देऊ लागते. त्यापेक्षा थप्पीच्या कार्डाला एक टॅग आणि काट्यावर येणाऱ्या गाडीला एक, एवढं पुरतं. ट्रकला फास्टॅग असतो. त्याचा नंबर आपला रीडर वाचू शकतो, गाडी ओळखायला तेवढं बास. टोलच्या खात्याशी आपला संबंध नाही. मंडीत येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला तो बहुधा नसतो, तर फाटकावर जवळ धरायचं कार्ड द्या आणि काट्यावरच्या तुलावट्याकडून परत घ्या. १३.५६ मेगाहर्ट्झचं साधं कार्ड, चार बोटांवरून वाचलं जाणारं. इथे कमी पल्ला हाच गुण, कारण मागच्या ट्रॉलीवाल्याचं कार्ड चुकूनही मध्ये बोलत नाही.

हे ऐकून कोटेशन लहान होतं आणि माझं कमिशनही. तरी माझं मत बदललेलं नाही.

कुणाला हे शिकायचंच असेल तर रीडर विकत घेण्याआधी सोयाबीनच्या हंगामात एक आठवडा वही-पेन घेऊन स्वतःच्या फाटकाशी बसा. कोण कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे परत फिरतं, कुठला माल नुसताच उभा राहतो, ते लिहून काढा. आणि दुकानदाराला पल्ला विचारू नका. शेजारच्या दारातला टॅग तुमचा रीडर कसा टाळणार, ते त्याला तुमच्याच गोदामात करून दाखवायला सांगा.