नोव्हेंबरातला बुधवार

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जगभर सीओपीडी दिन पाळतात. पहिला पाळला गेला २००२ साली. त्यामागे ‘गोल्ड’ नावाचा उपक्रम आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस व रक्त संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उभा केला, आणि २००१ मध्ये त्याची पहिली मार्गदर्शिका निघाली. श्वासनळ्या कायमच्या आकसत जातात, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या नासतात, आणि आत घेतलेला श्वास बाहेर टाकतानाच माणूस दमतो, असा हा आजार. २०२१ साली त्यानं जगात सुमारे ३५ लाख माणसं नेली. एवढं असून त्याचं नाव लोकांना माहीत नसतं, म्हणून हा दिवस. नगर-बीडच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. तिथं हा दिवस मी बरीच वर्षं थाटात साजरा केला आणि जवळपास सगळाच चुकीचा केला.

सुरुवात तारखेपासून. आमचा तालुका ऊसतोड्यांचा. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड भरून कारखान्यांकडे निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. परततात ती पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे पहाटे अंधारात उठून, पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी, ओल्या सरपणावर भाकरी थापणारी बाई त्या बुधवारी गावात नसतेच. त्या दिवशीच्या माझ्या तपासणी शिबिराला यायचे ते पेन्शनर, शिक्षक, किराणा दुकानदार आणि कार्यक्रम कुठलाही असो, पहिल्या रांगेत बसणारे आमचे ठरलेले पुढारी. हॉल भरला की मी खूश. बॅनर, फुंकून फुफ्फुस तपासायचं यंत्र आणि नाश्ता ज्या औषध कंपनीचा, तिचा प्रतिनिधीही खूश. कारखान्याचं बॉयलर कधी पेटतं हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. माझे निम्मे पेशंट हंगाम संपला की उधारी फेडतात. तरी तारीख हलवावी हे सुचलं नाही. जागतिक दिवस हा एकादशीसारखा तिथीलाच पाळायचा असतो, अशी काहीतरी माझी समजूत असावी.

पोस्टरवर काळं पडलेलं फुफ्फुस आणि शेजारी अर्धी जळलेली सिगारेट. माझं भाषण त्या चित्राभोवती फिरायचं. समोर बसलेल्या बाया नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या, हसायच्या आणि स्वतः निर्धास्त होऊन घरी जायच्या. नावनोंदणीचा तक्ता मीच तयार केला होता. त्यात ‘विडी/सिगारेट : किती वर्षं, दिवसाला किती’ असा रकाना होता. चुलीचा नव्हता. चार-सहा वर्षांपूर्वीचे तक्ते मध्यंतरी कपाटात सापडले. बायकांच्या नावांपुढे त्या रकान्यात ओळीनं आडव्या रेघा मारलेल्या आहेत, आणि अक्षर माझं.

गोल्डच्या मंडळींनी सांगितलंच नाही म्हणावं तर तसंही नाही. २००१ च्या मार्गदर्शिकेतच चुलीच्या धुराचा उल्लेख आहे: हवा खेळती नसलेल्या घरात लाकूड-शेणी जाळून होणारा धूर हाही या आजाराचं कारण ठरू शकतो, असा. मार्गदर्शिका मी चाळली नव्हती, पोस्टर तेवढं वाचलं होतं. पुढे २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी जन्मात कधी सिगारेट ओढलेली नसते. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड, शेणी, काडीकचरा यांच्या धुरात राहणारे ३०० कोटी, असं त्यात मांडलं होतं. हा लेख मात्र मी वाचला होता. पुणे माझ्यापासून एका एसटीच्या अंतरावर. वाचून ‘अगदी बरोबर’ म्हणालो आणि नोव्हेंबरात तेच पोस्टर लावलं.

आमच्याकडे एक मावशी यायच्या, नवऱ्याला घेऊन. नवरा पक्का विडीवाला, म्हणून मी त्याला आग्रहानं बोलवायचो, फुंकायला लावायचो. त्याचं फुफ्फुस वयाच्या मानानं ठीक निघायचं. विडी ओढणाऱ्या प्रत्येकालाच हा आजार होतो असं नाही. मावशी बाहेर बाकावर बसायच्या. दवाखान्याला चार पायऱ्या आहेत. त्या दुसरीवर थांबायच्या, कठडा धरायच्या, ओठांचा चंबू करून श्वास सोडायच्या आणि मग वर यायच्या. हे मी खुर्चीतून बघत असे. त्यांच्या खोकल्याला मी काय केलं? थुंकी टीबीसाठी तपासली, निगेटिव्ह आली. टीबी नाही म्हटल्यावर माझ्या लेखी प्रश्न मिटला. खोकल्याचं औषध, हिवाळ्यात अँटिबायोटिक, आणि ‘वजन कमी करा’ हा फुकटचा सल्ला. एकदा यंत्र टेबलावर तसंच होतं, म्हणून म्हटलं, मावशी, तुम्हीही फुंकून बघा. त्या म्हणाल्या, “म्या कशाला? म्या काय इडी वढती व्हय?” माझंच भाषण माझ्या तोंडावर फेकलं गेलं. फुंकल्यावर जो आलेख आला तो पाठ्यपुस्तकात छापावा असा होता: वर चढून लगेच खाली खोल दबलेला.

त्या फुंकण्याविषयीही सांगायला हवं. स्पायरोमेट्री वाटते तितकी सोपी नाही. छातीभर श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि एका दमात, जोर लावून, निदान सहा सेकंद हवा बाहेर काढत राहायची. शेजारी उभं राहून “फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!” असं ओरडावं लागतं. आमच्या हॉलमध्ये हे सगळ्यांसमोर चालायचं. बाया पदर तोंडाला लावून अर्धवट फुंकायच्या. ‘बायकांना नीट जमत नाही’ असा शेरा मी मारून मोकळा. कारण मला आमच्या नर्सबाईंनी सांगितलं, तेही बऱ्याच उशिरा. दोन-चार बाळंतपणं झालेल्या बाईला एवढ्या जोरानं फुंकताना लघवी सुटण्याची धास्ती असते. चारचौघांत, पुरुषांच्या रांगेत, कोण जोर लावील?

आणि ज्यांनी नीट फुंकलं त्यांच्या निदानात मी घाई केली. नियम असा आहे की सालबुटामॉलचे फवारे देऊन पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा ही एकूण हवेच्या ०.७० पटीपेक्षा औषधानंतरही कमी राहिली, तरच सीओपीडीचा विचार करायचा. रांग मोठी, दुपारी पाहुण्यांचं भाषण. थांबायला वेळ कुणाला? मी पहिल्याच आकड्यावर चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातला एक तिशीचा गडी. त्याच्या चिठ्ठीवर मी ‘सीओपीडी’ लिहिलं आणि हा आजार पुरता बरा होत नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं. त्या वर्षी तो तोडीला गेला नाही. घेतलेली उचल अंगावर बसली, ती फेडायला शेळ्या विकल्या. उन्हाळ्यात तो आला तेव्हा माझी चिठ्ठी लॅमिनेट करून खिशात ठेवलेली. पुन्हा रीतसर तपासलं तर फवाऱ्यानंतर आकडे जवळपास पूर्ववत झाले. साधा दमा होता, औषधानं आटोक्यात राहणारा. शेळ्यांचं मी काही बोलू शकलो नाही. तोही बोलला नाही.

पंपांचं वाटप हा आणखी एक प्रकार. कंपनीकडून महिन्याभराचे पंप आणि पावडरच्या कॅप्सुला फुकट मिळायच्या, त्या मी स्टेजवरून वापरून दाखवायचो आणि टाळ्यांत वाटायचो. कॅप्सूल यंत्रात घालून, फोडून, तिची पावडर ओढायची असते. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना माझ्या हातात काय आहे हे दिसतही नव्हतं. एक आजोबा आठवड्यानं येऊन म्हणाले, गोळ्या कडू नाहीत पण फरकही नाही. ते पाण्याबरोबर गिळत होते. ज्यांना जमलं, त्यांचा महिना संपल्यावर पुढचा पंप कुठून आणायचा याचा विचार मी केलाच नव्हता. महिनाभर बरं वाटून पुन्हा धाप लागली की लोक म्हणतात, पंपाची सवय लागली. असं मत पसरायला माझ्या शिबिरानं मदतच केली.

एका वर्षी तर नोंदणीच्या टेबलाखाली, डास फार म्हणून, हॉलच्या शिपायानं मच्छरची कॉइल लावून ठेवली होती. एका कॉइलच्या धुरातल्या सूक्ष्म कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतकं भरतं, असं २००३ सालचं एक संशोधन सांगतं. ते मी त्याच दिवशी माइकवरून सांगितलं. कॉइल शेवटपर्यंत जळत होती. कुणी हसलं नाही, बहुधा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

२०२३ मध्ये गोल्डनं आजाराची कारणांनुसार विभागणी सुचवली: सिगारेटमुळे झालेला वेगळा, धूर आणि प्रदूषणामुळे झालेला वेगळा, लहानपणीच्या संसर्गांनंतर किंवा टीबीनंतर झालेला वेगळा. २०२५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेनं फुफ्फुसांच्या आजारांकडे सुटं-सुटं न बघता एकत्र बघण्याचा ठराव केला. जिनिव्हाचे ठराव आमच्या तालुक्यात पोचायला वेळ लागतो, हे मी पूर्वी तक्रारीच्या सुरात म्हणायचो. आता म्हणत नाही; माझ्या कपाटात ते वेळेवर पोचून पडून राहिलेले मी पाहिलेत.

शिबिर आता एप्रिल-मेमध्ये घेतो, टोळ्या परतल्यावर. पहिला प्रश्न चुलीचा. उज्ज्वलाचा सिलिंडर घरी असला तरी कोपीत काय पेटतं, हेही विचारतो. फुंकण्याची खोली बायकांची वेगळी, आत नर्सबाई, आणि आधी मोरीकडे जाऊन या असं त्याच सांगतात. दिवसाला थोडेच लोक तपासून होतात. कंपनीला हे पटलं नाही. त्यांचा पैसा नोव्हेंबरसाठीच असतो, म्हणून यंत्र आम्ही वर्गणीतून घेतलं.

अडलंय ते पुढेच. तोडीला निघताना मी फार तर दोन महिन्यांचे पंप देऊ शकतो. हंगाम त्याहून खूप लांबतो. सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याजवळच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं चालू आहे. त्यांचं म्हणणं, धापेचे तोडकरी माझ्याकडे भरपूर येतात, पण आधी काय झालं होतं याचा कागद कुणाजवळच नसतो, मग मीही खोकल्याचं औषध देऊन पाठवतो. म्हणून यंदाच्या चिठ्ठ्यांवर फवाऱ्याआधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे लिहिले आणि त्या दवाखान्यातच लॅमिनेट करून दिल्या. मशीन सेकंडहँड आहे, कडा नीट चिकटत नाहीत.